पेपरच्या सकाळचा दिवा

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या भाड्याच्या खोलीत आम्ही दोघी राहायचो. दोघी मराठी, दोघी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. तिचं घर देवासचं, पूर्वज संस्थानच्या फौजेतले. माझं महूचं, आजोबा लष्करात. फरक इतकाच की माझ्या आजोबांनी देव सोडले ते सोडलेच. आमच्या घरी बुद्धांची तसबीर आणि रविवारी विहारात वंदना.

ती रोज अंघोळ करून फळीवरच्या गणपतीला दिवा लावायची आणि दिवसभर गुणगुणत फिरायची. मी उठल्यापासून धुसफुसत असायचे. तिचा मला हेवा वाटे. सुख त्या फळीवर ठेवलेलं आहे आणि ती फळी काही आपली नाही, असा माझा समज होता. डोळे मिटून श्वासाकडे बघत बसायला वडिलांनी लहानपणी शिकवलं होतं, ते मी इंदूरला आल्यापासून बंदच केलं होतं. अभ्यासाची सबब कुठेही चालते.

शेवटच्या सेमिस्टरच्या पहिल्या पेपरच्या सकाळी ती केस न विंचरता पलंगावर बसून होती.

"यार, आजच पाळी आली. दिवा नाही लावता येणार." मग म्हणाली, "तू लावून दे ना प्लीज. तुला काय फरक पडतो, तू तर मानतच नाही."

मला राग आला. "मानत नाही म्हणूनच फरक पडतो. आजोबांनी विचार करून सोडलंय ते, कंटाळा आला म्हणून नाही."

ती रडायला लागली. माझ्या बोलण्यामुळे असेल असं मला वाटलं, पण तसं नव्हतं.

"दिवा नाही लागला तर पेपर बिगडून जाईल. मी जातच नाही. रोज हेच टेन्शन असतं मला, की एक दिवस चुकला आणि सगळं गेलं."

जिचा मी इतके दिवस हेवा केला, ती रोज सकाळी घाबरून दिवा लावत होती. गुणगुणणं सुटकेचं होतं.

दिवा मी लावणार नव्हते, आणि तिला तशी टाकून पेपरला जाणंही मला जमलं नसतं. मी जमिनीवर चटई टाकली.

"इकडे ये. मला जे येतं ते करू. श्वास येतो, जातो, तेवढंच बघ. मागायचं काही नाही."

"आणि पेपर?"

"तो पण नाही मागायचा."

ती रडता रडता हसली आणि बसली. माझी सवय इतकी मोडली होती की मला माझाच श्वास सापडेना. खाली पोहेवाल्याशी कुणीतरी शेवेवरून हुज्जत घालत होतं. हळूहळू छातीतली धडधड कमी झाली. तिचीही झाली असावी, कारण ती उठून केस विंचरायला लागली.

पेपर तिला बरा गेला, मला जेमतेम. तरी संध्याकाळी मी कुणावर खेकसले नाही, हे तिनेच दाखवून दिलं. पुढच्या सकाळीही आम्ही बसलो, त्याच्या पुढच्याही.

पाचव्या दिवशी तिने न्हाऊन दिवा लावला. मी चटईवर एकटीच होते. आता हिला माझी गरज नाही, असं मनात आलं आणि मला चांगलंच वाईट वाटलं. एवढ्यात ती ओल्या केसांनीच माझ्याशेजारी येऊन बसली.

"मागून झालं सगळं?" मी चिडवलं.

"आज काहीच नाही मागितलं," ती म्हणाली. "बस, दिवा लावला."