डाव्या कोपऱ्याची जर्सी

नवा माणूस समोर आला की नाना त्याच्या तोंडाकडे बघत नसत. मान खाली घालून पायाकडे बघत. समोरचा बिचारा चप्पल तुटली की काय म्हणून स्वतःही खाली बघायचा. मग नाना म्हणत, "तोंड मंग देखू. पाय दखाड."

तुमच्याही गल्लीत असा कोणी असेल, तुम्हीही त्याला हसला असाल. आम्हीही हसायचो. नाव लिहीत नाही. धुळ्यात आमच्या भागात नाना म्हटलं की तेच. मी चौथी शिकलेला टेम्पो ड्रायव्हर, आणि नाना आमच्या कबड्डी मंडळासाठी खेळाडू आणणारे. आम्ही दोघं साक्री, शिरपूर, पाचोऱ्यापर्यंत हिंडलो. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ओ ड्रायव्हर, गाडी काढ," एवढंच.

चढाईवाल्यांच्या मागे नाना कधी गेले नाहीत. "त्यासले टाळ्या पाहिजेत, ते येतात आपोआप," म्हणायचे. त्यांना हवा असे तो मागे उभा राहून पकडणारा. त्यातही डावा कोपरा, म्हणजे टोकाला वाकून उभा राहतो आणि चढाईवाल्याचा घोटा धरतो तो. असा माणूस बघायला नाना मैदानावर जात नसत. घरी जात. पाटावर बसत. कळण्याची भाकरी, ठेचा, असेल ते खात. खाता खाता म्हणत, "पाणी आण रे भो." पोरगा उठायचा. हात न टेकता उठला, टाचा भुईला राहिल्या, की नाना माझ्याकडे बघून डोळा मिचकावत. झाली परीक्षा. एकदा पाचोऱ्याकडच्या एका पैलवानाने स्वतः न उठता बहिणीलाच पाणी आणायला पाठवलं. बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "बहीण चांगली शे."

आमच्या मंडळाची रीत अशी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की खेळाडू मोकळे. जुन्या मंडळाचा त्यांच्यावर हक्क नाही. ज्याला न्यायचं त्याच्या घरी नंबर लावलेली जर्सी घेऊन जायचं आणि ती खेळाडूच्या नाही, त्याच्या आईच्या हातात द्यायची. आई नसेल तर घरातल्या दुसऱ्या बाईच्या. तिने घेतली तर पोरगा आपला. तिने खाली ठेवली तर चहा पिऊन निघायचं. कागदावर सही कोणी केली नाही आणि शब्द कोणी फिरवला नाही.

त्या जर्सी माझी बायको शिवायची. नाना तिला अक्का म्हणत. मशीन दारातच होतं. नाना उंबऱ्यावर बसून खेळाडू सांगायचे, "खांदा रुंद शे, पण मान आखूड." ती न बघता कापड कापायची. नंबरही तीच लावायची. शेवटची जर्सी चार नंबरची, डाव्या कोपऱ्याची. तेव्हा तिच्या पायात मशीन चालवायचा जोर उरला नव्हता. खाटेवर बसून तिने तो चार सुईने हाताने टाचला. वाकडा झाला. "नाना हसतील," म्हणाली. मग ती गेली.

जर्सी मी ट्रंकेत ठेवली, तिच्या लुगड्यांखाली. दोन हंगाम आमच्याकडे डावा कोपराच नव्हता. दुसऱ्या जागेचा माणूस तिथे उभा करायचो आणि हरायचो. मंडळाची पोरं नानांवर ओरडायची, "नाना, दुसरी जर्सी शिवून घ्या ना! बाजारात ढीग मिळतात." नाना म्हणत, "डाव्या कोपऱ्याची जर्सी शिवेल शे. दोन कसाले?" मी शेजारीच उभा असायचो. माझ्याकडे त्यांनी कधी बघितलंसुद्धा नाही. मला द्यायची नव्हती. मी दिली नाही. सरळ गोष्ट आहे.

नानांचा एक पुतण्या अमेरिकेत. तो मोबाइलवर तिकडचा खेळ पाठवायचा. त्या दोन हंगामांत दुपारी मैदानाच्या कडेच्या निंबाखाली आम्ही दोघं तो बघत पडायचो. डोक्याला मोठे टोप, खांद्याला उशा बांधल्यासारखी माणसं. एक चेंडू घेऊन पळतो, बाकीचे त्याच्या अंगावर पडतात. आडवा येऊन त्याला पाडतो तो लाइनबॅकर, असं पुतण्या सांगायचा. एकदा चोपन्न नंबरच्या लाइनबॅकरने एकाला असं पाडलं की नाना उठून बसले. "अरे, हाऊ तर आपला कोपरा!"

मग कळलं की तिकडेही करार संपला की माणूस मोकळा होतो आणि चार संघ त्याच्या मागे लागतात. टाय लावलेली माणसं टीव्हीवर दिवसभर बोलतात की कोण कोणाला उचलणार. नानांना फार आवडलं. त्यांनी पुतण्याला फोन लावला.

"तो चोपन्न नंबर मोकळा झाला ना? त्याच्या घरी कोण गेलं?"

"नाना, घरी नाही जात कोणी. त्यांचे एजंट असतात."

"त्याची आई काय म्हणते?"

"आईला कोण विचारतं नाना?"

नानांनी फोन माझ्या हातात दिला. "एवढा मोठा देश," म्हणाले, "आणि आईले कोनी ईचारत नही." मग आडवे झाले. डोळे मिटून बराच वेळ बोलत होते, की चोपन्नला बाजूच्या खोलीत ठेवू, त्याला आपली शेवभाजी तिखट लागेल, त्याच्या मापाची जर्सी अक्काला जमेल का. मी म्हणालो, "जमेल." निंबाची पानं गळत होती. मलाही झोप लागत होती. झोपेत मशीनचा आवाज येत होता, टकटक टकटक. जागा झालो तेव्हाही थोडा वेळ येतच राहिला.

या आखाजीनंतर बातमी आली की पिंपळनेरचा एक डावा कोपरा मोकळा झाला. मागे साक्रीच्या सामन्यात तो आमच्याविरुद्ध खेळला तेव्हा नानांनी त्याला पाहिलं होतं. जळगावचं एक मंडळही मागे होतं, रविवारी त्यांची गाडी जाणार होती. आणि नाना खाटेवर. छातीत पाणी झालं होतं. शनिवारी सकाळी मी भेटायला गेलो तर अर्धवट झोपेत होते.

"ड्रायव्हर, गाडी काढ. चोपन्न नंबर मोकळा झाला."

"नाना, अमेरिकेपर्यंत डिझेल पुरायचं नाही."

"पिंपळनेरवरून जाऊ. रस्त्यात शे." श्वास घेतला. "तो कोपराबी देखी लेऊ. फक्त ती जर्सी..."

आणि थांबले. झोपेतसुद्धा मागितली नाही.

मी घरी आलो. ट्रंक उघडली. जर्सी काढली आणि टेम्पोत माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली. नानांची जागा ती.

पिंपळनेरचा रस्ता मला पाठ आहे, तरी त्या दिवशी वेगळाच वाटला. उन्हाने डोंगर पाण्यात ठेवल्यासारखे हलत होते. टेम्पो हळू चालवला की इंजिन शिलाई मशीनसारखं वाजतं. मी हळूच चालवला. साक्रीपर्यंत ती शेजारी बसली आहे असं वाटत राहिलं. ती आयुष्यात कधी पिंपळनेरला गेली नव्हती. मी तिला सांगत गेलो, हे गाव कोणतं, इथे नाना काय खायचे.

पोरगा घरीच होता. मला पायातलं काही कळत नाही, तरी म्हणालो, "तोंड मग बघू. पाय दाखव." तो हसला नाही. उभा राहिला. टाचा भेगाळलेल्या, भुईला चिकटून. तो पुन्हा खाली बसल्यावर पाणी मागितलं. हात न टेकता उठला.

त्याच्या आईच्या हातात मी जर्सी दिली. द्यायला वेळ लागला. तिने ओढली नाही, मी सोडेपर्यंत धरून राहिली. मग उलटी करून चारच्या टाक्यांवर बोट फिरवलं.

"हाऊ मशीनना टाका नही."

"नाही. हाताचा आहे."

"कोनी शिवी?"

"माझ्या बायकोने."

"ती कोठे शे?"

"ती आता नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. जर्सीची घडी घातली, पदराखाली घेतली आणि पोराला म्हणाली, "उभा काय ऱ्हायना? यासले जेवाले वाढ."

मी जेवलो. दोन वर्षांत असं पोटभर जेवलो नव्हतो.

परत येऊन नानांच्या खाटेजवळ बसलो. डोळे मिटलेले होते.

"पाय?"

"टाचा भुईला आहेत."

"माय?"

"घेतली तिने."

मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "अक्का काय म्हननी?"

त्यांना वाटत होतं ती माझ्याबरोबर गेली होती. मी काय सांगणार? ती गेलीच होती.

"अक्का म्हणते, चार वाकडा झाला. नाना हसतील."

नाना हसले. "चालस," म्हणाले.

दिवाळीआधी ते गेले. जळगावचं मंडळ आमच्याकडे खेळायला आलं तेव्हा नाना सामना बघायला बसायचे ती लोखंडी खुर्ची रेषेजवळ तशीच ठेवली होती, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मी तिच्या मागे उभा राहिलो. समोरचा चढाईवाला मांडीवर थाप मारत आला. लोक ओरडत होते. तो डाव्या टोकाला वळला, हसून डोळे मोठे केले, जीभ काढून दाखवली.

आमच्या कोपऱ्याने त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. तो वाकला. पाठीवरचा वाकडा चार ताणला गेला. टाका सुटला नाही. मान खाली घालून तो फक्त त्याचे पाय बघत राहिला.