दीड मार्काचा जावई

मला एक सांगा, तुम्ही विश्वास कुणावर टाकाल? दुकानात पाऊल ठेवताच "काय दादा, तब्येत काय म्हणतेय?" असं विचारून खांद्यावर हात ठेवणाऱ्यावर, की दाराशी चपला नीट जुळवून कोपऱ्यात गप्प बसणाऱ्यावर?

घाईनं उत्तर देऊ नका. आमच्या घरी सगळ्यांनी घाईनं दिलं, आणि पोरीचं लग्न मोडायची वेळ आली!

उज्जैनच्या टावर चौकात माझं चादरींचं दुकान आहे. भैरवगढच्या छाप्याच्या चादरी, ओढण्या, उशांचे गिलाफ. माझी शाळा नववीत सुटली, पण गिऱ्हाईक घेणार आहे की नुसतंच दहा चादरी उलगडायला लावणार आहे, हे मी त्याच्या चालण्यावरून सांगतो. दुकानाच्या वर डॉक्टर मॅडमचा दवाखाना. मनाचे आजार बघतात. वर बसायला जागा कमी, म्हणून पेशंट आणि त्यांचे नातेवाईक खाली माझ्या गादीवर येऊन टेकतात. त्यामुळं मला किस्से जमवायला जावं लागत नाही, ते धुळीसारखे आपोआप साठतात. मॅडम स्वतः कुणाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मी सांगतोय ते माझ्या गादीवर नाहीतर माझ्या घरात घडलेलं.

०००

एकदा एक गृहस्थ आले. कोर्टाच्या कुठल्याशा कामात मॅडमनी त्यांची तपासणी करायची होती. सोबत हवालदार.

वर बोलावणं येईपर्यंत ते माझ्याकडे बसले. काय जादू केली हो माणसानं! माझ्या चादरींच्या छाप्यांचं असं कौतुक केलं की मलाच त्या नव्यानं आवडायला लागल्या. शेजारचे भांडीवाले पोरवालजी तिथंच होते. त्यांना म्हणाले, "सेठजी, आप पर तो महाकाल की सीधी कृपा है। चेहरे पे दिखती है!" पोरवालजींनी लगेच पोहे-जलेबी मागवली. हवालदार त्या गृहस्थांसाठी पाण्याची बाटली भरून आणायला गेला. हवालदार! आणि मी त्यांना चादरीवर सूट दिली. मी, ज्यानं सख्ख्या साडूला कधी दिली नाही!

तपासणी संपवून ते हसत हसत गेले. थोड्या वेळानं मॅडम खाली आल्या. मी म्हटलं, "मॅडम, माणूस हिरा आहे. याची कसली तपासणी?"

मॅडम म्हणाल्या, "हो का? नाव काय त्यांचं?"

मी पोरवालजींकडे बघितलं. पोरवालजींनी माझ्याकडे. आम्ही त्याला पोरीबाळींच्या लग्नापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगून बसलो होतो. त्याचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं!

"म्हणजे तो सायकोपॅथ होता? गोड बोलून गळा कापणारा, काळीज नसलेला?" मी घाबरून विचारलं.

"मी कुठं काय म्हणाले? गोड बोलणं हा तपासणीतला एक मुद्दा झाला. तेवढ्यावर निकाल लावायचा म्हटलं, तर दादा, टावर चौकातलं एकही दुकान उघडं राहणार नाही."

०००

आता आमची मुग्धा. पॉलिटेक्निकला शिकवते. एक दिवस म्हणाली, "बाबा, मी अनिकेतशी लग्न करणार आहे." मुलगा साताऱ्याकडचा, बँकेत, बदलीवर उज्जैनला आलेला, माधव नगरात भाड्यानं राहतो. बोलतो कमी, हसतो त्याहून कमी.

पहिल्यांदा घरी आला तेव्हा आमच्या हिनं दाल-बाफले केले होते, माळव्याच्या तुपात बुडवलेल्या कणकेच्या बट्ट्या आणि डाळ. हिच्या दाल-बाफल्यांना आजवर नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. हिच्या सासूबाईसुद्धा डोळे मिटून "छान" म्हणायच्या. या पठ्ठ्यानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "काकू, डाळीत मीठ जास्त झालंय."

हिनं तुपाची वाटी त्याच्यापुढून उचलून माझ्यापुढं ठेवली!

पुढच्या महिन्यात माझी आत्या गेली. घरभर हुंदके. अनिकेत आला, कोपऱ्यात उभा राहिला, डोळ्यांत टिपूस नाही. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारतो, "काका, आजींचा ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का? असेल तर आजच कुणाला तरी लागेल."

त्याच आठवड्यात हिच्या मोबाइलवर एक रील आलं: 'तुमच्या घरात सायकोपॅथ आहे का? ओळखा वीस खुणांनी!' हिनं ते तीनदा बघितलं आणि जाहीर केलं, "मुग्धा, तुझा तो मुलगा सायकोपॅथ आहे."

"आई, तू मिठाचा राग काढतेयस."

"मिठाचा काही संबंध नाही!" मग जरा थांबून, "थोडा आहे."

पण त्या 'थोडा'वर गोष्ट मिटली नाही. ही म्हणाली, खात्री पटल्याशिवाय मी अक्षता हातात घेणार नाही. मुग्धा म्हणाली, मग मी लग्नच करणार नाही. आणि दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या.

०००

मॅडम अशी तपासणी करतात तेव्हाही वीस मुद्दे असतात आणि प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन मार्क देतात, एवढं मी ऐकून होतो. म्हटलं, त्यात काय? रविवारी सकाळी आम्ही घरीच बसलो. ही, मी, आणि तटस्थ म्हणून पोरवालजी. हिच्या हातात कागद-पेन्सिल.

"भावना उथळ," हिनं वाचलं. "दोन."

मी म्हटलं, "एक कर."

"दोनाच्या खाली परवडत नाही!"

"अगं, पोरगा लाजाळू आहे. एक."

पोरवालजी मध्ये पडले. "भाभी, ना आपकी, ना भाऊ की। डेढ़ में फायनल करो।"

दीड! सौदा पक्का झाला.

"स्वतःला फार मोठं समजणं."

"तो बोलतच नाही, तर समजतो कशावरून?"

"मोठा समजतो म्हणूनच बोलत नाही!"

तिथं पाऊण मार्क ठरला. असं करत करत आम्ही वीस मुद्दे उरकले. बेरीज झाली. आकडा जरा भारी वाटला. हिचाच चेहरा उतरला. तशी पोरवालजींनी पेन्सिल घेतली आणि खाली दहा टक्के कमी करून टाकले.

"अपना ही बच्चा है भाभी, इतना तो बनता है।"

०००

तो कागद घेऊन आम्ही दोघं पुरुष वर गेलो. मॅडमनी तो सुलटा धरून बघितला, उलटा धरून बघितला.

"हे पाऊण काय आहे?"

"तडजोड," मी म्हटलं.

"ज्याचे मार्क आहेत, त्याला माहीत आहे हे?"

"छे! कळलं तर तो सावध होईल."

"ज्याची तपासणी त्यालाच ठाऊक नाही, ती तपासणी नव्हे दादा. ती चुगली."

मग त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं. आधी माणसाचं मागचं सगळं बघायचं: शाळा, नोकरी, पोलीस, दवाखाना, जिथं जिथं काही नोंद असेल ते. त्याला जवळून ओळखणाऱ्यांशी बोलायचं. मग त्याच्याशी समोरासमोर, सावकाश, तासन्‌तास. तो सांगतो ते आणि बाहेरून कळतं ते जुळतंय का, हे तपासायचं. शक्य असेल तर दोन जाणकारांनी एकमेकांना न विचारता मार्क द्यायचे. तेही एका जेवणावरून किंवा एका मयतीवरून नाही, सगळ्या आयुष्यावरून. आणि हे काम शिकलेल्यानंच करायचं.

"आणि दोन जाणकारांचं जुळलं नाही तर?" पोरवालजींनी आशेनं विचारलं. "डेढ़?"

"दीड नाही!"

पोरवालजी हट्टाला पेटले. "मॅडम, मग असं करा, त्याला चहाला बोलावतो. आप बस बाहर-बाहर से देख लो।"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "दादा, मघाशी मी जिना चढत होते तेव्हा तुम्ही एका बाईंना लाल चादर दाखवत होतात. 'ताई, रंग आयुष्यात जाणार नाही' म्हणालात. जातो का?"

"पहिल्या धुण्यात... थोडा."

"मग 'सराईत खोटं बोलणं' या मुद्द्यावर तुम्हाला किती मार्क देऊ? बाहेर-बाहेरून?"

खाली आल्यावर मी आधी लाल चादरींचा गठ्ठा मागच्या फळीवर टाकला.

०००

तरी 'जवळून ओळखणाऱ्यांशी बोलायचं' एवढं माझ्या डोक्यात राहिलंच. व्यापारी माणूस! माधव नगरात अनिकेतच्या घरमालकीणबाईंकडे गेलो. रेल्वेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. सरळ विचारलं, "ताई, आमच्या मुलीचं याच्याशी ठरतंय. मुलगा कसा आहे?"

"अजिबात चांगला नाही!"

"का हो, काय केलं त्यानं?"

"मी सगळ्यांना सांगते, माझा मुलगा बंगलोरहून रोज फोन करतो. कॉलनीत सगळे म्हणतात, वा वा, नशीबवान आहात. हा काय म्हणाला माहितीये? 'काकू, रोज नाही करत. मी घरातच असतो, मला ऐकू येतं.' असं तोंडावर बोलतं का कुणी?"

"मग?"

"मग काय! त्या दिवसापासून संध्याकाळी बँकेतून आला की खाली येऊन बसतो माझ्याजवळ. बोलत काही नाही. मेला नुसता टीव्ही बघतो आणि माझ्या शेंगदाण्यांची टरफलं काढून देतो."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. हिनं पेन्सिल कागदावर टेकवली, परत उचलली. याला शून्य द्यावेत की दोन, हे आमच्यापैकी एकालाही ठरवता येईना.

०००

आणि मग तो कागद मुग्धाला सापडला. ती रडली, ओरडली, आणि स्कूटर काढून निघून गेली. आम्हाला वाटलं, संपलं सगळं. तासाभरानं परत आली ती अनिकेतला मागं बसवून. पोरवालजी सांत्वनाला आलेले होते, ते सोफ्यावर आक्रसून बसले.

अनिकेतनं दाराशी चपला जुळवून ठेवल्या आणि हिच्या समोरच्या खुर्चीवर बसला.

"काकू, मार्क देऊन झाले, पण माझी मुलाखत राहिलीय म्हणे. विचारा."

हिनं पदर दोनदा सारखा केला. शेवटी म्हणाली, "तुम्हाला रडू येतं का?"

"येतं."

"आम्ही तर कधी बघितलं नाही."

"कुणासमोर येत नाही."

"मग आम्ही कसं मानायचं?"

"नका मानू. पण नाही येत, असंही मानू नका."

मुग्धा दाराला टेकून उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. हिनं कागद मांडीवर सरळ केला आणि एकदम विचारलं, "खोटं बोलता?"

"बोलतो."

"शेवटचं कधी बोललात?"

अनिकेतनं जरा आठवल्यासारखं केलं. "आत्ता, खाली. मुग्धा स्कूटर लावत होती. म्हणाली, भीती वाटतेय का? मी नाही म्हणालो."

पोरवालजींनी तोंड उघडलं, ते हिनं नुसता हात दाखवून बंद केलं. मग कागदाकडे बघितलं, गुडघ्यांवर घट्ट दाबून धरलेल्या अनिकेतच्या हातांकडे बघितलं, उठली, आणि पेन्सिल मुग्धाच्या हातात दिली.

"घे. इथून पुढचे मार्क तूच दे. फक्त हिशेब खरा ठेव हं. त्याचाही, आणि तुझाही."