खाडीतली नांगरट

टेंभुर्णीच्या आमच्या शेतात पीक निघालं की अण्णा, म्हणजे माझे वडील, जमीन खोल नांगरून उन्हात तापू देतात. कीड मरते, माती भुसभुशीत होते. घरात पदवी घेणारी मी पहिली. शिकून मी समुद्राकाठी नोकरीला लागले याचं अण्णांना फार कौतुक. त्यांनी स्वतः समुद्र पाहिलेला नाही.

माझं काम कोकणातल्या एका खाडीवर चिखलाचे नमुने तपासण्याचं होतं. काही वर्षांपूर्वी जहाजातून सांडलेलं तेल तिथे आलं होतं. वरून सगळं स्वच्छ दिसायचं, पण चिखल वीतभर खणला की काळा, चिकट थर लागायचा. ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या खायच्या शिंपल्या, वेचणाऱ्या एका मावशींची टोपली तेव्हापासून भरली नव्हती. त्या वर्षी मात्र नखाएवढ्या तिसऱ्या दिसू लागल्या.

"बघ पोरी, आल्या परत," म्हणत त्यांनी त्या दाखवल्या आणि हलक्या हाताने पुन्हा चिखलात झाकल्या. "खालचं तेल कधी जाईल गं?"

सुट्टीत घरी आल्यावर मी हे अण्णांना सांगितलं.

"मंग नांगरलं का न्हाई?"

"अण्णा, ती खाडी हाय. वावर न्हाई."

"उलटं करा, ऊन लागू द्या. जल्दी सुधरतं. येवढी शिकली माय, अन् बापाला सांगावं लागू राह्यलं!"

मी हसले, पण मला पटलं. उन्हावाऱ्याने तेल विरतं, हे पुस्तकातही वाचलं होतं. परत गेल्यावर वरिष्ठांना न विचारता मी मावशींशी बोलले. "तू शिकलेली. सांगशील तसं," त्या म्हणाल्या. आम्ही दोघींनी कुदळीने एक तुकडा खणून उलटा केला.

ऊन चढलं तसा चिखलावर रंगीत तवंग आला. भरतीने तो मावशींच्या तिसऱ्या वेचायच्या सगळ्या जागेवर पसरवला. आठवडाभरात कोवळ्या तिसऱ्या तोंड उघडून मेल्या. मावशींनी त्या ओंजळीत घेतल्या, पाहिल्या, खाली ठेवल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या यायच्या थांबल्या.

हवा न लागणाऱ्या चिखलात तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि हलवलं की पुन्हा नव्यासारखं मारतं, असं वरिष्ठ म्हणाले. मी विचारलं असतं तर त्यांनी हे आधीच सांगितलं असतं.

यंदा घरी आल्याबरोबर अण्णांनी विचारलं, "त्या बाईचं सुधरलं का?"

मी खरं ते सांगितलं.

"आपलं एक साल गेलं तर पुढच्या साली पेरता येतं. तिचं किती साल?"

"सांगता येत न्हाई."

"म्या सांगितलं म्हून झालं."

"न्हाई अण्णा. चूक माझी हाय."

"मंग तिला भेटून आली का?"

"ती येतच न्हाई खाडीवर."

"घर तर ठाऊक असंल?"

ठाऊक होतं. खाडीपासून पाच मिनिटांवर. सहा महिने मी त्या रस्त्याने गेले नव्हते.