शालनचा फोन दोन दिवस टिकायचा

शेवटच्या दिवशी दुपारी मी आणि माझी बायको शालन एका पदराखाली डोकी घालून पोराचा फोटो बघत बसलो होतो. चार्जिंग वाचावं म्हणून ती फोनचा उजेड एवढा कमी ठेवायची, की दिवसा पदर घेतल्याशिवाय काही दिसायचं नाही. "लय वाळलाय," ती म्हणाली. मला तर पोरगा रेड्यासारखा दिसत होता. तसं सांगितलं, तर बरगडीत कोपर बसलं.

आमचा विकास फौजेत. सुट्टीला आला तेव्हा त्यानंच हा फोन तिला दिला. कुणाला पाळत ठेवता येऊ नये अशी त्यात सोय होती. शालन चौथी शिकलेली, मी दुसरी. फोन तिच्या हातात पडला आणि मला हात लावायची बंदी झाली. एखादं ॲप ठिकाण विचारायला लागलं, की ती नकार दाबायची. "माझा ल्योक कुठं हाय ते मला कुणी सांगत न्हाई. मग ह्यास्नी कशाला माझा पत्ता?"

दुखणं एकच, बॅटरी. संध्याकाळपर्यंत संपायची. कडेगावचा दुकानदार म्हणाला, नवीन टाका. त्याला चार शब्द सुनावून ती घरी आली आणि स्वतःच मागे लागली. स्वयंपाकघरात रेंज हुडकून हुडकून फोन तापतो, हे तिनं हात लावून ओळखलं आणि त्याला खिडकीत बसवलं. मग सेटिंगात शिरून सगळ्या ॲपांचं मागच्या मागे चालणं बंद केलं. फोन दोन दिवस टिकला. बाई गल्लीभर मिरवली.

आणि विकासचा फोन यायचा थांबला. तो एकाच ॲपवरून, जमेल तेव्हा करायचा; इकडून आमचा लागायचा नाही. नऊ दिवस ती धड जेवली नाही. आईला इसरला लबाड, एवढंच म्हणायची. दहाव्या दिवशी मी वैतागून म्हणालो, ते ॲप तरी उघडून बघ. उघडलं, तर न घेतलेल्या फोनांची ही रांग. जागं ठेवायचं तेच तिनं झोपवलं होतं. आधी रडली, मग इतकी हसली की शेजारीण बघायला आली. त्या एका ॲपला तिनं मोकळीक दिली, बाकीची तशीच निजवली. "राखणीला एकजण जागा असला म्हंजे झालं. सगळ्या गावानं कशाला जागायचं?"

फोटो बघितला त्याच संध्याकाळी, भाकरी थापता थापता ती गेली. युनिटला निरोप धाडला, पण पोचला का नाही कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतला फोन वाजला. मेहुणीनं घ्यायला हात पुढं केला. मी दिला नाही. कसा उचलायचा ते शालनचं बघून ठाऊक होतं. पलीकडून विकास म्हणाला, "आई, च्या पिलीस का?"

"आण्णा बोलतोय. आधी खाली बस, बाळा," मी म्हणालो. तो 'बसलो' म्हणेपर्यंत थांबलो, आणि मग त्याला सांगितलं.