घेतलं नाही म्हणजे आलं नाही

विद्यापीठातल्या वर्गात लिहायची फळी खुर्चीलाच जोडलेली असते. ती बावीस वर्षांच्या पोटांसाठी बनवलेली असल्यामुळे माझ्या बाबतीत निम्म्यावरच थांबायची आणि मला वही तिरकी धरून लिहावं लागायचं. पण बावन्नाव्या वर्षी एलएलएमला बसलेल्या माणसाने फळीबद्दल तक्रार करू नये. घरात मी "रिटायर होण्याआधी डोकं जरा चालतं ठेवतो" असं सांगून ठेवलं होतं. खरं कारण एक पाकीट होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तरुणपणी मी एलएलबी केली. सनद काढली नाही. सरकारी नोकरी लागली आणि काळा कोट शिवायचा राहून गेला. पण नातेवाइकांत एकदा वकील झालेला माणूस मरेपर्यंत वकीलच असतो. बांधाचं भांडण असो की मांडवात हरवलेली बॅग, फोन मला. मीही कधी "मला माहीत नाही" म्हणालो नाही. हे तीन शब्द मला येत नव्हते असं नाही, सवय नव्हती.

पाकिटाची गोष्ट अशी. माझी भाची, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, लग्न होऊन परदेशी गेली. दोन वर्षांनी भावाच्या लग्नाला म्हणून माहेरी पडेगावला आली, आणि नवऱ्याने मागून तिचं परतीचं तिकीट रद्द केलं. फोन उचलणंही बंद केलं. चार-पाच महिन्यांनी पोस्टमन एक जाड पाकीट घेऊन दारात उभा राहिला. तिकडच्या कोर्टाचं. बहिणीने लगेच मला फोन लावला. मी तेव्हा गुलमंडीत बायकोबरोबर चादरी बघत होतो.

"अरे, पोस्टमन दारात हाय. सही मागतोय. काय करू?"

"घेऊच नको, ताई," मी म्हणालो. "घेतलं नाही म्हणजे आलं नाही. कायद्यात असंच असतं."

हे मी इतक्या ठामपणे म्हणालो की दुकानदारानेही मान वर करून माझ्याकडे आदराने पाहिलं. फोनमध्ये मागून भाचीचा आवाज येत होता, "आई, मला बघू तरी दे." तो मला स्वच्छ ऐकू आला. मी फोन ठेवला आणि निळी चादर पसंत केली.

पाकीट परत गेलं. वर्षभरात तिकडच्या कोर्टाने एकतर्फी घटस्फोट दिला आणि नवऱ्याने दुसरं लग्नही केलं. भाची इथं एका शाळेत गणित शिकवू लागली. पाच वर्षं अशीच गेली. मग त्याच शाळेतल्या एका सरांनी तिला विचारलं. तिचीही ना नव्हती. प्रश्न एवढाच होता, की तिला दुसरं लग्न करता येतं का? कायद्याने ती मोकळी आहे की नाही? सगळ्या घराने माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडून उत्तर निघालं नाही.

एखादा खरा वकील गाठणं सोपं होतं. पण खऱ्या वकिलाला सगळं खरं सांगावं लागतं. त्यापेक्षा मी विद्यापीठाचा फॉर्म भरला.

खासगी आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय घेणारे आम्ही सहाच जण होतो. नावावरून वाटतं की यात मोठमोठ्या देशांची भांडणं असतील. प्रत्यक्षात सगळा घरगुती मामला. नवरा एका देशात, बायको दुसऱ्यात, घर तिसऱ्यातच. तर कुणाच्या कोर्टाने ऐकायचं, कायदा कुठला लावायचा, आणि तिकडचा निकाल इकडे मानायचा की नाही? सासरी ठरलेलं माहेर मानत नाही, हे आम्हाला जन्मापासून माहीत. त्याला इतकी जाड पुस्तकं लागतात हे नव्हतं माहीत.

या पुस्तकांतल्या माणसांना नावं नसतात. अ ने ब शी लग्न केलं. क परदेशात वारला. मला हे फार सोयीचं वाटायचं. अ दारू पीत नाही, ब उपाशी झोपत नाही, आणि कुणीही मध्येच मामाला फोन करत नाही.

एके दिवशी आमच्या मॅडमनी परदेशी घटस्फोट शिकवायला घेतले. बायको तिकडच्या कोर्टात हजर झाली नसेल, तिने त्या कोर्टाचा अधिकारच मानला नसेल, तर असा एकतर्फी निकाल आपल्याकडे सहसा धरला जात नाही. मी ताठ बसलो. म्हणजे माझा सल्ला बरोबर होता! चादरीच्या दुकानात उभ्या उभ्या दिलेला! फळी पोटाला टोचत होती तरी मला कळलं नाही.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आणि म्हणून अशी बाई तिकडे घटस्फोटित असते, पण इकडे विवाहितच राहते. याला लंगडं लग्न म्हणतात."

माझ्या शेजारी रोशनगेटकडून येणारी एक मुलगी बसायची. मला ती पहिल्या दिवसापासून अंकल म्हणायची. ती पुटपुटली, "मतलब वो मियाँ उधर छूट गया, और ये बिचारी इधर अटकी. अंकल, उसको कोई पूछा क्या, तेरे को क्या होना?"

तुला काय हवंय, एवढंच विचारायचं होतं. मी वहीत डोकं घातलं.

पुढच्या आठवड्यासाठी प्रत्येकाने एक प्रश्न तयार करून आणायचा होता, पुस्तकात असतो तसा. मी भाचीचाच लिहिला. सुवाच्य अक्षरात लिहिलं: "अ ने परदेशी न्यायालयात अर्ज केला. ब ने समन्स स्वीकारण्यास नकार दिला." लिहिताना मन जरा अडलं, पण पेन चांगलं होतं. ते चालत राहिलं.

त्या रविवारी वही पिशवीत घेऊनच पडेगावला गेलो. चहा झाला. दाजी खाटेवर सरसावून बसले.

"बोला वकीलसाहेब. झाला का अभ्यास?"

मी सगळं समजावून सांगितलं. दाजींनी बराच विचार केला.

"म्हंजे मोटारीचं पासिंग तिकडं रद्द अन् इकडं चालू, असंच ना?"

"लेक हाय ती, मोटार नाय," बहीण कडाडली. मग माझ्याकडे वळली. "म्हंजे रे, तवा पाकीट घेतलं असतं तर?"

"तेव्हाच तिची बाजू मांडता आली असती," मी म्हणालो. "काय तो सोक्षमोक्ष तेव्हाच झाला असता."

 भाची दाराच्या उंबऱ्यावर बसून माझी वही वाचत होती. पेपर तपासताना बसते तशी, लाल पेन कानावर.

"मामा, यातली ब म्हणजे मीच ना?"

"उदाहरण आहे ते."

"गणितात दिलेली माहिती चुकली की उत्तर जन्मात बरोबर येत नाही." तिने पेन काढलं, एक शब्द खोडला आणि वर लिहून वही माझ्यापुढे धरली. आता तिथं होतं: "ब च्या मामाने समन्स स्वीकारण्यास नकार दिला."



"चुकलं माझं," मी म्हणालो. "मला कायदा माहीत नव्हता. आणि तू मागून बोललीस, ते मी ऐकलं होतं."

या वाक्याला मला सहा वर्षं आणि एक विद्यापीठ लागलं.

ती रागावेल असं वाटलं होतं. पण ती वहीकडेच बघत राहिली. "मला काय तेव्हा केस लढायची नव्हती, मामा. दोन वर्षं ज्याच्याबरोबर राहिले, त्यानं माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचायचं होतं फक्त. तुम्ही सगळ्यांनी मला वाचवलं. मला वाचायचं होतं."

प्रश्न मी तसाच, लाल दुरुस्तीसकट, मॅडमना दिला. परत आला तेव्हा समासात त्यांचा शेरा होता: "यात मामाचा कायदेशीर संबंध काय?" मी पुष्कळ पुस्तकं चाळली. काहीही नाही.

बायको जिथं राहते तिथल्या कोर्टात तिला स्वतः घटस्फोटाचा अर्ज करता येतो. भाचीने तो केला. वकीलबाई खऱ्या होत्या, सनदवाल्या. मी त्यांना चादरीच्या दुकानापासून सगळं सांगितलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसलो. अर्जाची सोळा पानं भाचीने दोनदा वाचली, एक तारीख दुरुस्त केली आणि सही केली. मग कोर्टाचं पाकीट इथून तिकडे गेलं.

"तिकडं पण एखादा मामा निघाला म्हंजे?" परतताना रिक्षात ती म्हणाली. रिक्षावाल्याला कळलं नाही आम्ही का हसतोय.

शाळेतले सर म्हणाले, थांबतो. आम्ही सगळेच थांबलो. मी परीक्षा दिली, पास झालो, आकडा विचारू नये.

परवा दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. "मामा, त्याच्या वकिलाचं उत्तर आलंय. जाड पाकीट आहे."

माझी जीभ सवयीने उठली. मी तिला खाली बसवलं आणि म्हणालो, "मला माहीत नाही गं काय करायचं ते."

"विचारायला नाही केला फोन. सांगायला केलाय. फोडलं मी." कागदांचा आवाज आला. "हरकत नाही म्हणतोय घटस्फोटाला. पण पुढं अजून चार पानं आहेत. सगळी वाचते, मग बोलू."

तिने फोन ठेवला.