कल्याणीचं टेबल

गेल्या रविवारी अकोल्याला गेलो होतो... मी आणि कल्याणी. तिथं एका हॉलमध्ये गेमिंग कन्व्हेन्शन होतं आणि आम्ही दोघी व्हॉलंटियर. गळ्यात आयकार्ड आणि अंगात ढगळे टी-शर्ट.

आधी कल्याणीबद्दल सांगते. वलगावची पोरगी, घरचा फुलांचा मळा, अमरावतीत फुलांचं छोटं दुकान. दर शनिवारी आमच्या बोर्ड गेमच्या ग्रुपमध्ये येते आणि माझ्यासारख्या वकीलबाईला हसत हसत हरवून जाते.

तिनं स्वतः एक गेम बनवलाय... फुलांच्या हर्रासीचा. झेंडू, शेवंती, निशिगंध बोली लावून घ्यायचे आणि भाव चढायची वाट बघायची. फार थांबलात की हातातली फुलं सुकतात आणि कुणी विचारत नाही. पत्ते तिनं जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर हातानं रंगवलेत. मी बरेच महागडे गेम खेळलेय, पण संपल्यावर सगळे "अजून एक डाव" म्हणतात तो हाच.

आता हा गेम कुणी छापायचा तर आधी कुणाला तरी दिसायला हवा. या कन्व्हेन्शनला पुण्याचे एक गेम प्रकाशक येणार होते. स्टॉलचं भाडं कल्याणीच्या आवाक्याबाहेरचं होतं. मग आयोजकांनीच मार्ग सुचवला... व्हॉलंटियर व्हा, प्रवेश फुकट, आणि चार वाजता एक टेबल तुमचं.

हे फुकट कसं असतं तेही सांगते. ऐन लग्नसराईतला रविवार, फुलांच्या धंद्याचा दिवस. तिनं दुकान भावाच्या गळ्यात टाकलं, तो फुगून बसला. येण्याजाण्याचं भाडं आपलं आणि जेवणाचं कूपन फक्त पूर्ण दिवस राबणाऱ्याला. मला त्यानं काही फरक पडत नाही, रविवारी कोर्ट बंदच असतं. तिला पडतो.

आणि आम्ही कोण, तर गेमच्या नियमपुस्तिकेतल्या एका वाक्यावरून तासभर भांडणारी माणसं. पण या टेबलाबद्दल आम्ही कुणाकडून चार ओळी लिहून घेतल्या नाहीत. "हो हो ताई, करू ना" एवढ्यावर निघालो... आणि त्यात एक वकील होती.

दिवसभर कल्याणी दुसऱ्यांचे गेम शिकवत होती. आलेल्या माणसांना बसवायचं, पत्ते वाटून द्यायचे, नियम सांगायचे, डाव रंगात आला की उठून पुढच्या टेबलावर. स्वतः एकही डाव खेळली नाही. तिचा गेम कापडी पिशवीत, पिशवी टेबलाखाली. मधूनच ती पायानं चाचपून बघायची, आहे ना म्हणून.

चार वाजायच्या जरा आधी कल्याणीला कबूल केलेल्या टेबलावर एका हेडफोन विकणाऱ्याचं सामान येऊन पडलं. त्याचा बॅनर बांधायला दोन माणसं हवी होती. कुणीतरी कल्याणीला हाक मारली आणि तिनं बॅनरचं एक टोक धरलं... आपल्याच टेबलावर.

मी तडक आयोजकांकडे गेले. आयोजक म्हणजे अकोल्याचाच एक तरुण मुलगा, घसा बसलेला, डोळे लाल. तो म्हणाला, "ताई, त्यायनं पैसे भरले. हॉलचं भाडं मी काय घरून देऊ?"

तो खोटं बोलत नव्हता. बहुतेक त्याच्याही पदराला खार लागला असेल. पण तोट्यात जायची वेळ आली की आधी कुणाचं टेबल जातं, हे बघून माझं डोकंच सटकलं. कल्याणीनं मला हाताला धरून बाजूला नेलं.

आणि मग ते प्रकाशक स्वतः चालत तिच्याकडे आले. मला वाटलं, झालं काम... माणसाला नजर आहे. ते म्हणाले, दुपारपासून तुम्हाला बघतोय, फार छान समजावून सांगता. पुण्यात आमचा मोठा कार्यक्रम आहे, तिथं व्हॉलंटियर म्हणून याल का?

प्रवास आणि राहणं अर्थात आपापलं. कल्याणी पिशवीकडे वाकली, "सर, माहा एक गेम हाय..." म्हणाली. त्यांनी घड्याळ पाहिलं, त्यांच्या गाडीची वेळ झाली होती. पुण्यात बघू म्हणाले, वेळ मिळाला तर.

परतीच्या एसटीत मी नुसती धुमसत होते. तिला म्हटलं, अजिबात जायचं नाही. यांना तुझा गेम नकोय, फुकटात राबणारी बाई हवीय. तिनं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "मले नाही समजत का ताई? पण मंग काय करू? तिकीट काढून, स्टॉल घेऊन जाणं मले जमत नाही. राबून तरी आत जाता येते. आत गेल्याबिगर कोणाले दिसन माहा गेम?"

बडनेरा आलं. तिनं तोवर मोबाईलवर पुण्याला होकार कळवूनही टाकला होता.

म्हणून हे लिहितेय. पुण्याच्या त्या कार्यक्रमाला जाणारे बरेच जण हे वाचत असाल. टी-शर्ट घातलेली, वऱ्हाडी बोलणारी एक मुलगी तुम्हाला दुसऱ्या कुणाचा तरी गेम शिकवायला येईल. ती स्वतःहून काही सांगणार नाही... तुम्हीच तिला खाली बसवा आणि तिचा गेम मागा. एक डाव खेळलात तरी मी तुमची आभारी राहीन.