संगमापर्यंत

पुरात नदीकाठची पाण्याची मोटर वाचवायला माझा थोरला भाऊ उतरला आणि वर आलाच नाही. एका मोटरपायी. मला अजूनही त्याचा राग येतो. शोधपथकानं हात टेकले. पाणी जरा ओसरल्यावर मी शहरात शाहूपुरीतलं दुकान बंद ठेवून गाव गाठलं आणि एका होडीवाल्याला तयार केलं. भाऊ जिवंत सापडेल असं कुणीच म्हणत नव्हतं. वहिनी मात्र त्याला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मंगळसूत्राला हात लावू देणार नाही, म्हणून हटून बसली होती. तिच्यासाठी मला त्याला आणायचं होतं, एवढंच.

निघताना तिनं हातात पिशवी दिली. आत भावाचा कोरडा सदरा, विजार आणि टॉवेल. नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

होडी लहान, जरा हललं तरी कलंडायची. पंचगंगा गढूळ, अजून उसात शिरलेली. लोक तिला आई म्हणतात. मला त्या दिवशी तो शब्द ऐकवला नसता. झुडपात काही अडकलेलं दिसलं की होडी तिकडं वळवायला सांगायचो. जवळ जावं तर गादी, नाहीतर फुगलेलं रेडकू. काठावरून कुणीतरी हाक मारायचं, "पावणं, काय हुडकायलाय?"

"माणूस," होडीवाला म्हणायचा.

नृसिंहवाडीच्या संगमावर त्यानं होडी काठाला लावली. पुढं कृष्णा. पलीकडचा काठ कुठला आणि शेत कुठलं, काही कळेना.

"ह्येच्या फुडं कर्नाटक," तो म्हणाला. "हितवर न्हाय गावला, आता न्हाय गावायचा की."

मी त्याच्यावर उगाच खेकसलो. एवढ्या पाण्यात कुठं बघायचं, हे मलाही समजत होतं. सगळं संपलं होतं. होडी तिथंच बांधून आम्ही एका जीपनं माघारी आलो.

वहिनी दारातच उभी होती.

"आलासा?" तिनं विचारलं.

आमच्याकडं दिराला मान देऊन 'आलासा' म्हणतात, आणि दोघं भाऊ मिळून आले तरी 'आलासा'च म्हणतात.

"आलो," मी म्हणालो. तेही एकाला चालतं, दोघांनाही चालतं.

ती माझ्या मागं रस्त्याकडं बघत राहिली.